नवं प्रोफाइल, जुना पत्रव्यवहार

पुण्यातल्या छोट्या कार्यालयांत आउटलुक बंद पडलं की उपाय बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगितला जातो : "काही नाही साहेब, प्रोफाइल करप्ट झालंय, नवीन बनवून देतो." सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो, भोसरीतलं वर्कशॉप असो, नाहीतर हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतला पॅकेजिंगवाला असो. एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर, येणारा मुलगा कंट्रोल पॅनेल उघडतो, जुनं प्रोफाइल काढतो, नवं घालतो, पासवर्ड विचारतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत आउटलुक पुन्हा उघडतं. बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतंही. ज्या वेळी भागत नाही, त्या वेळी मात्र वर्षानुवर्षांचा ऐवज हातातून जातो. परचेस ऑर्डरी, ड्रॉइंगच्या सुधारित प्रती, दर ठरल्याचे मेल, माल मिळाल्याची पोच, सगळंच. आजही अनेक छोट्या धंद्यांचा खरा दप्तरखाना मेलच असतो. इनव्हॉइस टॅलीत सापडेल, पण तो दर का लावला याचं उत्तर मेलमध्येच असतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. प्रोफाइल नव्यानं बांधणं हा चांगला उपाय आहे, स्वस्त आहे, आणि योग्य जागी वापरला तर निर्धोक आहे. पण डेटा फाइल कोणत्या जातीची आहे हे पाहिल्याशिवाय आणि तिची प्रत बाजूला काढल्याशिवाय तो करू नये. या दोन गोष्टींना दहा-वीस मिनिटं लागतात, फाइल मोठी असली तर तासभर. नुकसान होतं ते बहुतेक वेळा तेवढाच वेळ वाचवताना.

आधी कोण कुठे राहतं ते पाहू. आउटलुकचं प्रोफाइल म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या काही नोंदी. कोणती खाती आहेत, त्यांचे सर्व्हर कोणते, आणि मेल ज्या फाइलीत पडतात ती फाइल डिस्कवर कुठे आहे, एवढंच त्यात असतं. मेल त्यात नसतात. मेल असतात पीएसटी किंवा ओएसटी फाइलीत. पॉप पद्धतीच्या खात्याचे मेल पीएसटीत उतरतात. एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५चं खातं असेल तर ओएसटी बनते, आणि आउटलुक २०१३पासून आयमॅप खात्यालाही ओएसटीच मिळते. या दोघींतला फरक पक्का ठाऊक हवा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या पेटीची नक्कल असते, ती गेली तर पुन्हा उतरवता येते. पॉपच्या पीएसटीत जे असतं ते बहुधा जगात दुसरीकडे कुठेच नसतं, कारण पॉप मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची प्रत ठरलेल्या दिवसांनी पुसतो. आउटलुकमध्ये ही मुदत साधारणपणे १४ दिवसांची लावलेली असते.

म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या दोन कार्यालयांत एकच कृती केली तर एका ठिकाणी काहीच बिघडत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी दहा वर्षांचे मेल जातात. पडद्यावर दोन्हीकडे तोच इनबॉक्स दिसतो. फरक कळतो तो अकाउंट सेटिंग्जमधल्या 'डेटा फाइल्स'च्या पानावर. तिथे फाइलीचं पूर्ण नाव आणि जागा लिहिलेली असते. दुरुस्तीला बसणाऱ्यानं पहिल्यांदा हे पान उघडावं. आउटलुक उघडतच नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल' या चिन्हातूनही तिथे जाता येतं. चिन्ह दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलचा देखावा 'स्मॉल आयकॉन्स' करायचा, की ते सापडतं.

पुण्यात पॉप इतका का रुजला याचं कारण जुन्या फोनबिलांत आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमच्या मार्फत. मोडेमची ती कुरकुर ज्यांनी ऐकली आहे त्यांना आठवत असेल की तास विकत घ्यावे लागत, आणि वर फोनच्या कॉलचा आकार वेगळा. त्यामुळे जोडणी करायची, मेल उतरवायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचे, हीच रीत पडली. पॉप त्यासाठीच होता. पुढे ब्रॉडबँड आलं, पण कार्यालयांनी वेबसाइटबरोबर घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवरच्या मेलपेट्या लहान होत्या. पेटी भरली की ग्राहकाचे मेल परत जाऊ लागत, म्हणून सर्व्हरवर काही ठेवायचंच नाही हा नियम कायम राहिला. आज वीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार रिसेप्शनवरच्या एका संगणकात, एका फाइलीत बसलेला आढळतो, त्याची ही पार्श्वभूमी.

आउटलुक आलं जानेवारी १९९७मध्ये, ऑफिस ९७बरोबर. पण पुष्कळ ठिकाणी पहिली ओळख झाली ती विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या आउटलुक एक्सप्रेसशी. नावसाधर्म्य सोडलं तर दोन्ही वेगळी. एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची स्वतंत्र डीबीएक्स फाइल असे. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर दर शंभर वेळा बंद केल्यावर ते 'जागा मोकळी करू का' असं विचारायचं. लोक 'हो' म्हणत आणि मध्येच संगणक बंद करत. मग अख्खा इनबॉक्स रिकामा. त्या काळात 'मेल उडाले' ही तक्रार ज्यांनी ऐकली, त्यांतल्या अनेकांना खरं कारण कधी कळलंच नाही.

दुसरी हानी व्हायची ती विंडोज नव्यानं टाकताना. एक्सपीच्या काळात पीएसटी आणि डीबीएक्स दोन्ही फाइली लपवलेल्या फोल्डरात असत. फॉरमॅट मारणारा माणूस डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्सची प्रत काढून घ्यायचा, वापरणाराही मान डोलवायचा, आणि सगळं झाल्यावर कळायचं की मेल त्यात नव्हतेच. आउटलुक २०१०पासून पीएसटी बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरात बनू लागली तेव्हा हा धोका कमी झाला. त्या जागी नवा आला. वनड्राइव्ह आता डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप ढगात नेतं, आणि सतत बदलणारी, सतत उघडी असलेली वीस जीबीची फाइल ते जेव्हा सारखं वर चढवायला बघतं तेव्हा आउटलुक रखडतं, अडकतं आणि कधी फाइलही बिघडते. पीएसटी वनड्राइव्हच्या बाहेरच्या फोल्डरात हलवावी. सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरात ठेवलेली पीएसटी नेटवर्कवरून उघडणं हेही मायक्रोसॉफ्ट पहिल्यापासून नको म्हणतं, तरी कित्येक ठिकाणी 'सगळ्यांना दिसावं' म्हणून तसंच केलेलं असतं.

बिघाडाचं सर्वांत जुनं कारण मात्र वीज. २००५-०६च्या सुमारास राज्यभर भारनियमन कडक होतं. उद्योगांनी स्वतःची जनित्रं चालवायची आणि वाचलेली वीज शहराला द्यायची, ही 'पुणे मॉडेल' म्हणून गाजलेली योजना २००६मध्ये आली ती त्यातूनच. वीज जाताना आउटलुक उघडं असेल तर फाइलीत अर्धी लिहिलेली नोंद राहते. आता भारनियमन तसं नाही, पण यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलायचं कोणाच्या लक्षात नसतं. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' करणं म्हणजेही फाइलीच्या दृष्टीनं वीज जाण्यासारखंच. आउटलुक बंद होताना पाच-दहा सेकंद घेतं ते फाइल मिटवायला. तेवढी सेकंदं त्याला द्यावीत.

फाइलीच्या आत काय मोडतं हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टनं पीएसटीची रचना फेब्रुवारी २०१०मध्ये जाहीर केली, त्यामुळे आता ती गूढ राहिलेली नाही. फाइलीत मजकूर फार तर आठ केबीच्या तुकड्यांत साठवलेला असतो. पाच एमबीचं ड्रॉइंग जोडलेला मेल म्हणजे असे शेकडो तुकडे. कोणता तुकडा फाइलीत कितव्या बाइटवर आहे याची एक सूची, आणि कोणत्या मेलचे तुकडे कोणते याची दुसरी. जुन्या वाचनालयात कपाटं आणि कार्डांचे खण वेगळे असत, तसं. पुस्तक जागेवर आहे पण कार्ड फाटलं, तर पुस्तक हरवल्यातच जमा. वीज जाते तेव्हा बहुधा असंच होतं, मजकूर शाबूत राहतो आणि सूची मोडते. म्हणूनच दुरुस्तीला वाव असतो.

ही दुरुस्ती करणारं साधन आउटलुकबरोबरच येतं, स्कॅनपीएसटी. ते स्टार्ट मेनूत दिसत नाही. ऑफिस ज्या फोल्डरात आहे तिथे, अलीकडच्या आवृत्त्यांत 'रूट'खालच्या 'ऑफिस१६'मध्ये, ते शोधावं लागतं. आउटलुक पूर्ण बंद करायचं, स्कॅनपीएसटी उघडायचं, फाइल दाखवायची आणि 'स्टार्ट' दाबायचं. मग आठ टप्प्यांची तपासणी चालते. शेवटी फोल्डर किती सापडले आणि त्यांत मेल किती, ते आकडे पडद्यावर येतात. हे आकडे टिपून ठेवावेत, कारण दुरुस्तीनंतर तेच ताडून पाहायचे असतात. 'केवळ किरकोळ विसंगती, दुरुस्ती ऐच्छिक' अशा अर्थाचा निकाल आला तर घाबरायचं कारण नाही. नोंदवहीच्या फाइलीत 'रो डझंट मॅच सब-ऑब्जेक्ट' अशा ओळींचा ढीग दिसला तरी नाही. फोल्डरच्या यादीत लिहिलेला तपशील आणि मेलमधला तपशील जुळत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि यादी नव्यानं बांधली जाते.

'रिपेअर' दाबण्याआधी खाली एक चौकोन खूण केलेला असतो, मूळ फाइलीची प्रत काढण्यासाठी. तो कधीही काढू नये. शिवाय आपली स्वतंत्र प्रत दुसऱ्या डिस्कवर असावीच, कारण स्कॅनपीएसटीला जो तुकडा समजत नाही तो ते टाकून देतं. सांभाळण्यापेक्षा रचना सुसंगत करणं त्याचं काम आहे. एका फेरीत भागत नाही. एकही चूक सापडेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावं लागतं, आणि फाइल मोठी असेल तर एकेका फेरीला काही तास जातात. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, ती इथे उपयोगी पडते. बुधवारी संध्याकाळी प्रत काढून स्कॅन लावावा, गुरुवारी कोणी येऊन दुसरी फेरी लावावी, शुक्रवारी सकाळी कामाला अडथळा नाही. सोमवारी अकरा वाजता, बिलं पाठवायच्या गर्दीत, मालक डोक्यावर उभा असताना ही दुरुस्ती सुरू केली तर ती मध्येच तोडली जाते, आणि मध्येच तोडलेली दुरुस्ती मूळ बिघाडाहून वाईट.

दुरुस्त झालेल्या फाइलीत 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं फोल्डर दिसलं तर ते उघडून बघावं. ज्यांचं घर सापडलं नाही असे मेल तिथे टाकलेले असतात. आणि दुरुस्त फाइल तशीच पुढे वर्षानुवर्षं वापरण्यापेक्षा नवी रिकामी पीएसटी करून त्यात फोल्डर हलवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. डिस्कच खराब होत असेल, खटखट आवाज येत असेल किंवा प्रत काढतानाच अडत असेल, तर त्या डिस्कवर स्कॅनपीएसटी मुळीच चालवू नये. आधी जेवढी निघते तेवढी प्रत चांगल्या डिस्कवर घ्यावी.

आकाराचा प्रश्नही असाच जुना. आउटलुक ९७ ते २००२मधली पीएसटी दोन जीबीच्या वर जाऊ शकत नसे. गेली की उघडणं बंद. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं काढलेलं साधन चक्क फाइलीच्या शेवटचे काही एमबी कापून टाकत असे, आणि उरलेल्याला स्कॅनपीएसटी लावायचं. आउटलुक २००३नं नवी युनिकोड रचना आणली. तिची मर्यादा आधी वीस जीबी ठेवलेली होती आणि २०१०पासून पन्नास. मराठी माणसासाठी या बदलाचं महत्त्व आकाराहून मोठं आहे. विंडोजमध्ये देवनागरी फक्त युनिकोडमधूनच नीट चालते. जुन्या रचनेच्या पीएसटीत मराठीत लिहिलेला विषय किंवा पाठवणाऱ्याचं नाव आलं की तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि एकदा उमटलेली प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होत नाहीत. ज्या शहरात मॉड्युलर इन्फोटेकनं श्रीलिपी घडवली आणि सी-डॅकनं भारतीय लिप्यांवर आयुष्यं वेचली, तिथल्या कार्यालयांत आजही एखादी जुनी फाइल चालू आढळते. प्रत्येक नव्या आउटलुकमध्ये तीच जोडत आणल्यामुळे ती टिकून राहते. डेटा फाइलच्या गुणधर्मांत '९७-२००२' असा उल्लेख दिसला तर नवी युनिकोड फाइल करून मेल तिच्यात हलवायचे. जुन्या रचनेला थेट नवी करता येत नाही.

आता प्रोफाइलकडे. फाइल निरोगी आहे पण आउटलुक 'डेटा फाइल सापडत नाही' म्हणतं, खातं जोडलेलं असून मेल भलत्याच फोल्डरात पडतात, उघडतानाच अडकतं, काढून टाकलेलं खातं अजून पासवर्ड विचारतं, अशा वेळी नवं प्रोफाइल हा नेमका इलाज आहे. 'शो प्रोफाइल्स'मध्ये जाऊन 'ॲड' करायचं. जुनं 'रिमूव्ह' करायचं नाही. ते तसंच राहू द्यावं आणि खाली 'नेहमी हेच प्रोफाइल वापरा'समोर नवं निवडावं. पॉपचं खातं घालताना नवे मेल कुठे टाकायचे असं विचारलं जातं, तिथे 'अस्तित्वात असलेली डेटा फाइल' निवडून जुनीच पीएसटी दाखवायची. घाईत ही एक निवड सुटली की आउटलुक रिकामी पीएसटी बनवतं, सर्व्हरवर उरलेले चौदा दिवसांचे मेल पुन्हा उतरवतं, आणि वापरणाऱ्याला वाटतं की बाकी सगळं गेलं. गेलेलं नसतं, जुनी फाइल डिस्कवरच असते. पण त्यानंतर कोणी 'जागा खाते' म्हणून तीच पुसतो, तेव्हा खरंच जातं.

नव्या प्रोफाइलबरोबर येणाऱ्या छोट्या गैरसोयी आधी सांगून ठेवल्या तर तंत्रज्ञावरचा राग वाचतो. 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टंकली की येणारे पत्ते येईनासे होतात. ते कॉन्टॅक्ट्समध्ये नसून वेगळ्या साठ्यात असतात. रोज तीस जणांना मेल करणाऱ्या मॅडमना हीच सर्वांत मोठी अडचण वाटते, आणि ते बरोबरच आहे. सह्या वेगळ्या 'सिग्नेचर्स' फोल्डरात असतात, त्या राहतात, पण कोणत्या खात्याला कोणती सही हे पुन्हा नेमावं लागतं. मेल आपोआप फोल्डरांत वाटणारे नियम आधी एक्स्पोर्ट करून ठेवावेत.

प्रोफाइल नवं करून काहीच होणार नाही अशा तक्रारी याहून जास्त आहेत, आणि त्या ओळखता आल्या तर निम्मी दुरुस्ती टळते. आउटलुक उघडतानाच पडत असेल तर कंट्रोलची कळ दाबून धरून उघडावं. ते सेफ मोडमध्ये उघडलं तर दोष एखाद्या ॲड-इनचा आहे. शोधलेलं सापडत नसेल तर विंडोजची सर्च अनुक्रमणिका नव्यानं बांधावी. पासवर्ड सारखा विचारत असेल तर आधी खात्याचे नियम पाहावेत. मायक्रोसॉफ्टनं एक्स्चेंज ऑनलाइनवर नुसत्या नाव-पासवर्डानं होणारा प्रवेश १ ऑक्टोबर २०२२पासून बंद करायला घेतला. गुगलनं वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी तो त्याच वर्षी ३० मेपासून थांबवला, तिथे ॲप पासवर्ड लागतो. जुनं आउटलुक २०१० आणि विंडोज ७ यांची जोडी आता अनेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात, कारण त्यांची सुरक्षित जोडणीची भाषा जुनी झाली. अशा ठिकाणी दर महिन्याला प्रोफाइल बदलून पैसे घेतले जातात तेव्हा मला वाईट वाटतं. रोग दुसरीकडे असतो आणि प्रत्येक बदलात फाइल गमावण्याचा धोका मात्र वापरणारा पत्करतो.

ओएसटी निर्धोक आहे असं वर म्हटलं, त्याला अपवाद आहेत. सर्वसाधारण रीत अशी की आउटलुक बंद करून ओएसटीचं नाव बदलायचं आणि आउटलुक उघडायचं, नवी फाइल आपोआप उतरते. पण आयमॅप खात्यातलं कॅलेंडर आणि संपर्क यांच्या नावापुढे 'फक्त या संगणकावर' असं लिहिलेलं असतं, आणि ते शब्दशः खरं असतं. आयमॅपला मेलशिवाय काही कळत नाही. ते कॅलेंडर ओएसटीबरोबर जातं. जीएसटीच्या तारखा, आयकराच्या मुदती, ग्राहकांच्या भेटी त्यात नोंदवणाऱ्या सीएच्या ऑफिसात याची किंमत मोठी आहे. एक्स्चेंजच्या खात्यातही आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि 'सिंक इश्यूज'खालच्या 'लोकल फेल्युअर्स'मधल्या नोंदी सर्व्हरवर पोचलेल्या नसतात. नाव बदलण्याआधी हे सगळं पीएसटीत एक्स्पोर्ट करून घ्यावं. आणि नावच बदलावं, फाइल पुसू नये.

थंडरबर्ड वापरणारी कार्यालयं कमी, पण जिथे आहे तिथे दुरुस्ती सोपी. २००४च्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून मेल साध्या मजकुराच्या एमबॉक्स फाइलीत आणि सूची वेगळ्या एमएसएफ फाइलीत, अशी रचना आहे. सूची बिघडली तर फोल्डरच्या गुणधर्मांतून 'रिपेअर' करायचं किंवा एमएसएफ पुसायची, ती पुन्हा बनते. धोका उलट बाजूनं आहे. थंडरबर्डचं प्रोफाइल म्हणजे अख्खं फोल्डर, आणि मेल त्याच्याच पोटात. आउटलुकच्या सवयीनं तिथे प्रोफाइल 'फाइलींसकट' काढलं तर मेलही गेले. मॅकवरच्या मेलमध्ये 'रीबिल्ड' हा एक पर्याय मेनूतच दिलेला आहे, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

पुढे काय, हाही प्रश्न आहे. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. १ ऑगस्ट २०२४ला मायक्रोसॉफ्टनं 'नवं आउटलुक' सर्वांसाठी खुलं केलं. ते मुळात वेबवरचं आउटलुक आहे आणि पीएसटीशी त्याचं नातं अजून पातळ आहे. जुनं, म्हणजे 'क्लासिक', निदान २०२९पर्यंत सांभाळू असं कंपनी म्हणते. वरच्या कोपऱ्यातलं 'नवं वापरून पाहा' हे बटण चुकून दाबलं गेलं आणि जुने मेल दिसेनासे झाले, तर ते बटण परत फिरवावं, एवढंच. फाइल जागेवर असते. पण ही मधली वर्षं हालचालीसाठी वापरावीत असं मला मनापासून वाटतं. रोजचं खातं आयमॅपवर किंवा पुरेशा मोठ्या पेटीवर न्यावं, चालू दोन-तीन वर्षांचे मेल सर्व्हरवर चढवावेत आणि त्यामागचे आर्थिक वर्षवार पीएसटींत बांधून ठेवावेत. एप्रिल ते मार्च अशी एक फाइल सीएलाही समजते आणि दुरुस्त करायलाही हलकी पडते. तिच्या दोन प्रती असाव्यात, एक इमारतीच्या बाहेर. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुटल्यासारखा वाहिला तेव्हा अरण्येश्वर-सहकारनगर भागात तळमजल्यावर पाणी शिरलं. बॅकअपची डिस्क संगणकाशेजारच्याच खणात असेल, तर अशा पाण्यात दोन्ही एकदम जातात.

हे सगळं किती वर्षं जपायचं याला कायद्याचीच चौकट आहे. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षं. पण मेलची खरी गरज लागते वादात. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्यानं पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे ठरवले आहेत. माल कधी स्वीकारला आणि आक्षेप कधी कळवला, हे सिद्ध करताना छोट्या कारखानदाराच्या हातात बहुधा मेलच असतो. संगणकातला पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२०मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उठलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात पक्कं केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नं त्या प्रमाणपत्राचा नमुना दिला आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा, मागितलं.

दुरुस्तीशी याचा थेट संबंध आहे. स्कॅनपीएसटी फाइल बदलतं, आणि एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो. म्हणून ज्या पेटीत वादाचे मेल आहेत ती दुरुस्तीला घेण्याआधी मूळ, बिघडलेल्या फाइलीची प्रत काढून तिचा एसएचए-२५६ हॅश नोंदवून ठेवावा. विंडोजमधलं सर्टयुटिल ते फुकटात करतं. नोंदीत तारीख, फाइलीचा आकार, कोणत्या संगणकावरून घेतली, कोणी घेतली आणि त्यानंतर कोणतं साधन किती वेळा चालवलं, हे यावं. प्रमाणपत्राचा एक भाग फाइल ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो आणि दुसरा तज्ज्ञ. खटला उभा राहीपर्यंत त्या दिवशी आलेला एएमसीचा मुलगा तिसऱ्याच नोकरीवर गेलेला असतो, तेव्हा त्याच्या हातची ही अर्ध्या पानाची नोंद वकिलाला लागते.